पहिले ७२ तास : सुरगाणा तालुका आणि पारलिंगी व्यक्तींच्या मानसिक संकटातील शुश्रूषा

मानसिक आरोग्याच्या परिभाषेत ‘संकट’ हे कोणत्याही एका आजाराचे नाव नाही. माणसाची नेहमीची सहनशक्ती आणि त्याचा नेहमीचा आधार ही दोन्ही एकाच वेळी अपुरी पडतात, जिवाला धोका निर्माण होतो आणि काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत कोणीतरी मदतीला धावणे अपरिहार्य होते, अशा अवस्थेला हा शब्द लावला जातो. आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न, घरातून हाकलले गेल्यानंतरची सैरभैर अवस्था, मारहाणीनंतर किंवा लैंगिक अत्याचारानंतर बसलेला धक्का, वास्तवाचे भान सुटणे ही त्याची ठळक रूपे होत. असे संकट कोणावरही येऊ शकते. मात्र पारलिंगी व्यक्ती, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारी लिंगओळख यांचा मेळ बसत नाही अशी व्यक्ती, जेव्हा या अवस्थेत सापडते, तेव्हा तिला सांभाळायला हवी ती यंत्रणा अनेकदा आधी तिच्या ओळखीचीच झडती घेऊ लागते, आणि त्या झडतीत मोलाचे तास निघून जातात. प्रस्तुत विवेचनाचा रोख या तासांवर आहे.

महाराष्ट्रात या विषयावर जे काम उभे राहिले ते प्रामुख्याने महानगरांत. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट आणि मालाड परिसरातून गौरी सावंत यांनी नावारूपाला आणलेली सखी चारचौघी ही संस्था, यांनी समुपदेशनाची आणि सोबतीची जी परंपरा घडवली तिच्यावाचून आजची कोणतीही चर्चा शक्य झाली नसती. तरीही या अनुभवातून तयार झालेले नमुने रेल्वे स्थानकाजवळचे कार्यालय, बरे रुग्णालय आणि ओळख न सांगता राहता येईल अशी गर्दी गृहीत धरतात. सुरगाण्यात यांपैकी काहीही नाही. म्हणून हा विषय त्या तालुक्याच्या बाजूने पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. जी व्यवस्था तेथे टिकेल ती इतरत्रही टिकेल, उलट मात्र खरे नाही.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गुजरातच्या हद्दीला भिडलेला सुरगाणा तालुका स्वातंत्र्यापूर्वी एका लहानशा संस्थानाचा मुलूख होता. सह्याद्रीच्या उताराचा हा डोंगराळ, भरपूर पावसाचा प्रदेश असून कोकणा, वारली, महादेव कोळी या जमातींची येथे बहुसंख्या आहे आणि तो पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. भात, नागली आणि वरई यांवर वर्ष निघत नाही, त्यामुळे सुगी संपली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे किंवा गुजरातकडे मजुरीसाठी उतरतात. २०२२ च्या अखेरीस सीमेलगतच्या काही गावांनी गुजरातमध्ये सामील करण्याची मागणी केली, तेव्हा रस्त्यांच्या जोडीने आरोग्यसेवेचा अभाव हेच कारण पुढे आले होते. म्हणजे सेवेची उणीव येथे सर्वांच्याच वाट्याला आहे; पारलिंगी व्यक्तीच्या बाबतीत त्या उणिवेवर संकोचाचा आणि भीतीचा आणखी एक थर चढतो.

आरोग्यव्यवस्थेची उतरंड कागदावर स्पष्ट आहे. पाड्यावर आशा कार्यकर्ती, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग सुरगाण्याचे ग्रामीण रुग्णालय, कळवणचे उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी नाशिकचे जिल्हा रुग्णालय. मनोविकारतज्ज्ञ या उतरंडीच्या शेवटच्या पायरीवर भेटतो, आणि ती पायरी सुरगाण्यापासून घाटवाटांनी ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये जिल्ह्याबाहेरची. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ मध्ये पारलिंगी व्यक्तींसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, ही स्वागतार्ह घटना होय. परंतु अडीचशे किलोमीटरच्या आसपास दूर असलेला कक्ष मध्यरात्रीच्या संकटात उपयोगी पडत नाही. एकशेआठ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली तरी ती आधी ग्रामीण रुग्णालयाच्याच दारात थांबणार, आणि पहिली जबाबदारी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यावरच येणार.

या संकटाचे मोजमाप करू पाहणाऱ्याला पहिली अडचण आकड्यांचीच येते. २०११ च्या जनगणनेत स्त्री किंवा पुरुष याऐवजी ‘इतर’ असा पर्याय प्रथमच स्वतंत्रपणे मोजला गेला. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्ती नोंदल्या गेल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या आहेत व त्यांपैकी पारलिंगी व्यक्तींच्या २८; २०२२ मध्ये एकूण १,७०,९२४ व पारलिंगी व्यक्तींच्या पुन्हा २८. जनगणनेचा आकडा आधार धरला, तर हे प्रमाण लाखामागे सहाहूनही कमी येते, तर सर्वसाधारण लोकसंख्येचे प्रमाण त्या वर्षांत लाखामागे १२ च्या वर किंवा आसपास होते. पारलिंगी व्यक्ती इतरांच्या निम्म्यानेच आत्महत्या करतात, असा याचा अर्थ लावणे धाडसाचे नव्हे तर चुकीचे ठरेल. अमेरिकेत २०१५ मध्ये सत्तावीस हजारांहून अधिक पारलिंगी व्यक्तींची जी पाहणी झाली, तिच्यात ४० टक्के व्यक्तींनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगितले होते. तेथील आकडा येथे जसाच्या तसा लावता येत नाही, पण दोन चित्रांमधील तफावत आपल्या नोंदपद्धतीकडे बोट दाखवते. मृत्यूनंतर पंचनामा करणारा शरीर पाहून लिंग लिहितो, शव ताब्यात घेणारे नातेवाईक जुने नाव सांगतात, आणि व्यक्तीने आयुष्यभर सांगितलेली ओळख रकान्यात पोहोचतच नाही. सुरगाण्यासारख्या तालुक्यात पारलिंगी व्यक्ती किती, त्यांच्यावर अशी वेळ किती वेळा आली, हे सरकारी कागदावरून कळण्याची सोय यामुळे उरत नाही. आत्महत्यांच्या एकूण संख्येत २०२२ मध्ये महाराष्ट्र २२,७४६ मृत्यूंसह देशात पहिल्या क्रमांकावर होता, हे लक्षात घेता या राज्याने तरी रकाने नीट भरण्याचा आग्रह धरायला हवा.

पारलिंगी असणे हेच दुःखाचे मूळ आहे, असा समज वैद्यकातही दीर्घकाळ होता. तो आता शास्त्राने सोडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली; तिच्यात लिंगविसंगती, म्हणजे जाणवणारे आणि नोंदवलेले लिंग यांतील अंतर, मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित प्रकरणात नेले आहे. मग संकट का येते, याचे उत्तर इलान मायर यांनी २००३ मध्ये मांडलेल्या अल्पसंख्याक ताणाच्या उपपत्तीत सापडते. अवहेलना, हिंसा आणि नाकारले जाण्याची सततची धास्ती यांचा भार इतरांच्या रोजच्या ताणावर वेगळा चढत जातो, आणि ज्या कुटुंबाकडे इतर लोक अशा वेळी धाव घेतात ते कुटुंबच अनेकदा त्या भाराचा उगम असते. मायर यांची मूळ मांडणी समलैंगिक व उभयलैंगिक व्यक्तींविषयी होती. पुढे ती पारलिंगी व्यक्तींना लावली गेली. तिचा व्यवहारातील निष्कर्ष असा की, शुश्रूषेने ओळख बदलू पाहणे निरर्थक आहे आणि आधार परत उभा करणे हेच तिचे खरे काम आहे. ओळख ‘दुरुस्त’ करण्याच्या तथाकथित उपचारांना मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मज्जाव केला व त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, याची माहिती तालुका पातळीवरील प्रत्येक डॉक्टरला असणे आवश्यक आहे.

सुरगाण्यात मात्र असा ‘उपचार’ डॉक्टरकडून होण्याआधी घरचे लोक भगताकडे जाण्याचीच शक्यता अधिक. या ठिकाणी अभ्यासकाने घाई करू नये. भगत हा या समाजात औषधी वनस्पतींचा जाणकार, विधी करणारा आणि गाऱ्हाणे ऐकून घेणारा असतो. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात अंगात वारे येणे ही पूजेचीच एक रीत असते, आणि तिला मनोविकाराचे लक्षण समजणारा डॉक्टर गावाचा विश्वास कायमचा गमावतो. परंतु मुलाच्या वागण्यात बाईपण दिसते म्हणून त्याला बांधून ठेवणे, मारणे, भूत काढण्याच्या नावाखाली यातना देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि येथे परंपरेचा आदर हे कारण चालू शकत नाही. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात पुरुष देवीचे सोंग घेतात, म्हणून हा समाज पारलिंगी व्यक्तीला सहज स्वीकारत असेल, असा निष्कर्षही काही जण काढतात. सोंग रात्रीपुरते आणि मानाने दिलेले असते, ओळख मात्र उजाडल्यावरही तशीच राहते, एवढा फरक लक्षात ठेवला तर हा निष्कर्ष टिकत नाही.

कायद्याने या संकटासाठी जी साधने दिली आहेत ती अपेक्षेपेक्षा बरीच सक्षम आहेत, आणि त्यांचा वापर अपेक्षेपेक्षा बराच कमी होतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगओळखीच्या आधारे होणारा भेदभाव हा घटनेने निषिद्ध केलेला लिंगभेदच आहे, असे ठरवले. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने आरोग्यसेवेची आणि समुपदेशनाची जबाबदारी शासनावर टाकली. पण संकटाच्या रात्री सर्वांत उपयोगी पडणारा कायदा वेगळाच आहे, तो म्हणजे २०१८ च्या मे महिन्यात अमलात आलेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्याच्या कलम १८ नुसार सेवेसाठी कोणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये व सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, अशी तजवीज करणे शासनाचे कर्तव्य आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवता येत नाही. पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळणाऱ्यांना ही एक गोष्ट सांगितली तरी जीव वाचू शकतात. कलम ९४ नुसार जिवाला धोका असेल तेव्हा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मग तो मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, रुग्णालयात किंवा वस्तीवरही ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, आणि जवळच्या मानसिक आरोग्य आस्थापनेपर्यंत नेणे हाही त्या उपचाराचाच भाग मानला आहे. तज्ज्ञ नाही म्हणून हात वर करण्याची मुभा सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयाला या कलमाने ठेवलेली नाही. उलट त्याला अधिकार दिला आहे.

याच कायद्यातील आणखी एका कलमाची चर्चा फार थोडी होते, आणि पारलिंगी व्यक्तींच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. कलम १४ प्रत्येक सज्ञान व्यक्तीला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा हक्क देते. मानसिक आजाराच्या काळात आपल्या वतीने कोणी बोलावे, उपचारांच्या निर्णयांत कोणी साथ द्यावी, हे ठरवण्याचा हा हक्क आहे, आणि त्यासाठी वकील, मुद्रांक किंवा कार्यालय लागत नाही. साध्या कागदावर लिहून त्याखाली सही किंवा अंगठा पुरतो, मात्र नेमलेल्या व्यक्तीचीही लेखी संमती हवी. असा कागद नसेल तर कायदा क्रमाने आधी नातेवाइकांकडे, म्हणजे रक्ताच्या, विवाहाच्या किंवा दत्तकाच्या नात्याकडे वळतो, आणि प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्याचा क्रम त्यानंतर येतो. याचा परिणाम काय होतो? ज्या घराने वीस वर्षांपूर्वी दार लावून घेतले त्या घरातील भाऊ खाटेजवळ निर्णय घेऊ शकतो, आणि ज्या गुरूने किंवा मैत्रिणीने अन्न दिले, आजारपण काढले, रुग्णालयात आणले, तिला ‘तुमचे नाते काय’ या प्रश्नावर बाहेर थांबावे लागते. तातडीच्या उपचारांतही प्रतिनिधी हजर असल्यास त्याची संमती घ्यावी असे कलम ९४ सांगते, त्यामुळे हा प्रश्न पहिल्या तासापासूनच उभा राहतो.

येथे गुरू-चेला व्यवस्थेविषयी स्पष्टपणे बोलणे भाग आहे. हिजडा परंपरेत व्यक्ती गुरूच्या हाताखाली चेला म्हणून प्रवेश करते, एका घराण्याची होते, आणि तिला नवे नाव, निवारा व नातेसंबंध मिळतात. हा आधार खरा आहे आणि अनेकांच्या बाबतीत तोच एकमेव असतो. त्याच व्यवस्थेत गुरूची सत्ता, कमाईतील वाटा आणि घराणे सोडल्यास दंड हेही असते, आणि काही वेळा संकटाचे कारण तेथेच दडलेले असते. शिवाय प्रत्येक पारलिंगी व्यक्ती या परंपरेत जात नाही. पारलिंगी पुरुषांना तर तिच्यात जागाच नाही, आणि मुलाला किंवा मुलीला आहे तसे जवळ ठेवणारे आईबापही आहेत. म्हणून प्रतिनिधी गुरूच असावा किंवा कुटुंबातलाच असावा, असा कोणताही आग्रह चुकीचा ठरतो. निवड त्या व्यक्तीची, आणि ती शांतपणे, संकटाच्या आधी, कोणाच्या दबावाशिवाय झालेली असावी.

त्यासाठी संधी कोठे मिळेल, याचे उत्तर या परिसरातच आहे. सुरगाण्याला लागून असलेल्या कळवण तालुक्यातील सप्तशृंग गडावर कोजागिरी पौर्णिमेला तृतीयपंथीयांचा मोठा मेळा भरतो आणि देवीच्या छबिन्यासाठी दूरदूरहून गुरू आपल्या चेल्यांसह येतात. वृत्तपत्रे या रात्रीची छायाचित्रे छापतात. आरोग्य विभागाने तेथे एक टेबल, कोरे कागद, शाईचा ठसा आणि कायदा समजावून सांगणारी पारलिंगी कार्यकर्ती एवढी व्यवस्था केली, तर एका रात्रीत शेकडो व्यक्तींचे प्रतिनिधी नेमले जाऊ शकतात. हा खर्च इतका किरकोळ आहे की त्यासाठी वेगळ्या योजनेचीही गरज नाही.

रुग्णालयातील प्रत्यक्ष शुश्रूषेत जे करायचे ते बहुतांश साधे आहे. शरीराला झालेली इजा किंवा विषबाधा यांवर इतर कोणत्याही रुग्णाप्रमाणे तत्काळ उपचार, व्यक्तीने सांगितलेल्या नावाने हाक, पुरुष कक्ष की स्त्री कक्ष हा प्रश्न तिलाच विचारणे, तपासणीच्या वेळी बघ्यांना बाहेर ठेवणे. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत निराधार आहे. सरळ, मृदू शब्दांत विचारलेला प्रश्न बहुधा सुटकेची वाट उघडतो. औषधांच्या बाबतीत एक बाब डॉक्टरांच्या नजरेतून सुटते. अनेक पारलिंगी स्त्रिया वैद्यकीय देखरेखीशिवाय संप्रेरके, पुष्कळदा गर्भनिरोधक गोळ्यांच्या रूपात, घेत असतात. त्यांमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढू शकतो, आणि कार्बामाझेपिनसारखे मनःस्थिती स्थिर करणारे औषध या संप्रेरकांचा परिणाम कमी करते. म्हणून काय घेतले जाते हे दोष न देता विचारावे, आणि ते शिक्षेदाखल एकदम बंद करू नये.

घरी सोडण्यापूर्वी सुरक्षा आराखडा तयार करणे हा या ७२ तासांचा गाभा होय. बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन यांनी रचलेल्या या पद्धतीत व्यक्ती स्वतःच, मदतनिसाच्या सोबतीने, मन ढासळू लागल्याच्या खुणा, स्वतःला सावरण्याचे मार्ग, ज्यांच्याकडे जाता येईल अशी माणसे आणि घातक वस्तू दूर ठेवण्याची सोय एका कागदावर लिहिते. असा आराखडा आणि त्यानंतर नियमित दूरध्वनी एवढ्याने पुढील सहा महिन्यांतील आत्मघातकी वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पाड्यावर फोनची रेंज नसेल तेथे ही विचारपूस आशा कार्यकर्ती करू शकते, मात्र तिने पाहिलेले-ऐकलेले चार घरी सांगायचे नाही, ही शिस्त तिला प्रशिक्षणातच द्यावी लागेल. लहान गावात गुपित फुटणे हेच पुढच्या संकटाचे कारण होते.

आश्रमशाळांचा प्रश्न वेगळ्या अभ्यासाचा आहे, पण त्याचा उल्लेख टाळता येत नाही. कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली सुरगाण्यातील असंख्य मुले निवासी शाळांत वाढतात, तेथे वसतिगृहे मुलांची आणि मुलींची अशी दोनच असतात, आणि किशोरवयात ओळखीचा पेच याच भिंतींच्या आत सुरू होतो. अधीक्षक आणि अधीक्षिका यांना चिडवणूक थांबवणे, मूल एकाकी पडत असल्याचे ओळखणे आणि त्याच्या घरी परस्पर न कळवता समुपदेशकाशी जोडून देणे एवढे शिकवले, तरी अनेक संकटे रुग्णालयापर्यंत येणार नाहीत.

शेवटी मदत कोणी करावी, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत २०१४ मध्ये सुरू झालेली ट्रान्स लाइफलाइन ही दूरध्वनी सेवा पारलिंगी व्यक्तीच चालवतात, आणि बोलणाऱ्याच्या संमतीशिवाय पोलिसांना कळवायचे नाही हे तिचे धोरण आहे, कारण पोलिसांच्या येण्यानेच अनेकांचा धोका वाढतो. आपल्याकडे तालुक्यागणिक अशी सेवा लगेच उभी राहणार नाही, पण ग्रामीण रुग्णालयाशी मानधनावर जोडलेली एक पारलिंगी आरोग्यमित्र नेमणे राज्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले आणि २०२४ मध्ये स्वतंत्र धोरणही मंजूर केले. त्या धोरणाची कसोटी मंत्रालयात नव्हे, तर सुरगाण्याच्या अपघात विभागात लागेल.

या पानांच्या वाचकांत अभ्यासक, डॉक्टर आणि कार्यकर्ते जसे असतील, तसे स्वतः या अवस्थेतून जाणारेही असतील. त्यांच्यासाठी केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीत बोलता येते.